सीलखालची धूळ

विमान दुरुस्तीच्या हँगरमध्ये कॉकपिटमधलं एक महागडं यंत्र चोरीला गेलं आणि आळ आला मेकॅनिकवर. त्याची बायको मावशींच्या दारात येऊन उभी राहिली.

"सूर्य उगवायच्या आत सुरक्षा अधिकारी घरी आला. हे गाढ झोपलेले. अंथरुणातून उचलून नेलं. आता लायसन्स काढून घेणार म्हणतात."

मावशींनी चपला चढवल्या. खाजगी तपास हा त्यांचा धंदा. गाडी हाकणं आणि चुकीचे तर्क लढवणं, हा त्यांच्या भाच्याचा.

हँगरमध्ये अधिकारी मावशींसमोर छाती काढून बोलला. "विमानं परदेशी कंपनीची, नियमही तिचेच. काम थांबलं की विमानाचं दार बंद करून त्यावर चिकटपट्टीचं सील लावायचं, शिडी लांब न्यायची. काल संध्याकाळी मेकॅनिक शेवटी उतरला. मी लगेच सील लावलं. आज उन्हं वर आल्यावर सकाळची पाळी जमली, तेव्हा सगळ्यांसमोर ते तोडलं. शाबूत होतं. आत यंत्र नाही. मग भुतानं नेलं?"

"सील कोणाकडे असतात?"

"फक्त माझ्याकडे."

भाचा कुजबुजला, "मावशी, गेला हो मेकॅनिक."

"तुझं डोकं देवानं टोपीपुरतंच दिलंय. गप्प बस."

रात्रपाळीच्या रंगाऱ्याच्या भुवयासुद्धा धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या. "रात्रभर याच विमानाचा जुना रंग घासला. धूळ अजून नाकातोंडात आहे. दाराकडे बघायला डोळे कुठे उघडत होते?"

मावशी शिडीवर चढल्या. तुटलेल्या सीलचा अर्धा तुकडा चौकटीला चिकटून होता. तो त्यांनी नखानं सोलला आणि गोंदाची बाजू भाच्यापुढे धरली.

"पांढरी दिसतेय," तो म्हणाला.

"दिसतेय ना? मग चल."

मेकॅनिकच्या बायकोला सोबत घेऊन मावशी हँगरच्या मोठ्या साहेबांच्या खोलीत गेल्या आणि अधिकाऱ्यासमोर तो तुकडा टेबलावर ठेवला. "सील संध्याकाळी लागलं असतं, तर धूळ वर बसली असती. ती खाली आहे. म्हणजे रात्रभर दार उघडं होतं, सील पहाटे लागलं."

"विसरलो होतो," अधिकारी म्हणाला. "विसरलं म्हणजे चोर?"

"विसरलेला माणूस उन्हं यायच्या आत मेकॅनिकला का उचलेल? दार तर नंतर उघडलं. यंत्र गेल्याचं तुलाच तेवढं आधी कळलं? तो पाळीवर आला असता तर चारचौघांत म्हणाला असता, मी निघालो तेव्हा सील नव्हतं. एकदा चोर ठरला की त्याचं कोण ऐकतं?"

यंत्र अधिकाऱ्याच्याच कपाटात निघालं.

साहेबांनी दार लोटलं. "दार उघडं होतं हे कंपनीला कळलं, तर ती विमानं काढून नेईल. शेकडो चुली विझतील. एका माणसावर आळ राहिला तर..."

"विमानाला सील, शिडी, पहारा," मेकॅनिकची बायको म्हणाली. "माझ्या माणसाच्या अब्रूला कुठला नियम लावलाय?"

मावशींनी तुकडा उचलून पर्समध्ये टाकला आणि कंपनीला सगळं कळवलं.

मेकॅनिक सुटला, लायसन्स वाचलं. हँगरला टाळं लागलं. फाटकाबाहेर जमलेल्या बेकार सोबत्यांमधून तो चालत गेला. एकानंही त्याच्याकडे पाहिलं नाही.

"मावशी, आपण बरोबरच केलं ना?"

"गाडी चालू कर," मावशी म्हणाल्या.