दाराखालचा धूर

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. त्या दारापाशी मीच उभा होतो.

मी अभिजीत. अग्निशमन दलात अकरा वर्षं झाली. भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली आहे. आता करत नाही.

आधी हरिचंद्रकाकांबद्दल सांगायला हवं. काका बदलापूरजवळच्या खरवईचे. वीस वर्षं बंबावर काढलेली. एकदा पत्र्यावरून पडले, तेव्हापासून डावं पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं. गमबूट घालून उभे राहिले की दुरूनही ओळखू यायचे.

धूर कसा बघायचा, ते मला त्यांनीच शिकवलं. रंग बघ, वेग बघ आणि सगळ्यात आधी दाराखालची फट बघ, असं ते सांगायचे. धूर फटीतून बाहेर येऊन परत आत ओढला जात असेल, तर खोली हवेसाठी तडफडत असते. तेव्हा दार उघडलं, तर सगळी आग एका झटक्यात तुमच्या तोंडावर येते. आधी वरचे पत्रे काढायचे, उष्णता वर जाऊ द्यायची, मगच दाराला हात लावायचा.

अजून एक गोष्ट ते सांगायचे. धूर माणसाला वळसा घालून जातो. धुरात कुठे मोकळी जागा दिसली, तर तिथे कुणीतरी असतं.

"धूर खोटं बोलत नाय रं अभ्या," ते म्हणायचे. "आपनच त्याला घाईत वाचतो."

मार्च २०२२. उल्हासनगरात फोमच्या गोदामाला आग लागली. काका मागच्या बाजूने आत शिरले आणि त्यांच्यामागे सोफ्यांची थप्पी कोसळली. पुढच्या दाराला बाहेरून कडी होती. तिथे मी होतो.

फटीतला धूर बाहेर यायचा... आणि परत आत जायचा.

मग आतून ठोके आले. कुऱ्हाडीच्या दांड्याचे. तीन. मी इथे आहे, ही आमची खूण.

मी कडी काढली नाही. त्यांनीच शिकवलं होतं ना!

पत्रे काढायला चार मिनिटं लागली. ठोके दुसऱ्याच मिनिटाला थांबले.

निर्णय बरोबर होता, असं चौकशीत सगळ्यांनी सांगितलं. दार उघडलं असतं तर दोघंही गेले असते. पण काकांच्या बाराव्याला त्यांच्या बायकोने, चिमीकाकूंनी, मला बाजूला घेऊन विचारलं, "तो ठोकीत होता का रं?"

मी नाही म्हणालो. आयुष्यात इतकं नीच मला कधी वाटलं नव्हतं.

आता खरी गोष्ट.

मार्च २०२४. दुपारचे साडेतीन. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका बंद युनिटला आग लागली. माझ्या बॅचचा सुयोग आत कुणी अडकलंय का ते बघायला गेला. सात मिनिटांनी त्याची वॉकीटॉकी बंद पडली.

मी आतल्या खोलीच्या दारापाशी पोचलो. लोखंडी दार, बाहेरून कडी.

फटीतून धूर बाहेर आला...

आणि आत गेला.

तेच दार वाटत होतं. तोच वास, फोम जळल्याचा. त्या युनिटमध्ये फोमचा तुकडाही नव्हता, हे मला नंतर कळलं.

मग...

तीन ठोके.

मागून आत शिरला असेल, असं वाटून मी सुयोगच्या नावाने ओरडलो. परत तीन ठोके, आधीपेक्षा हळू. पत्र्यांवर आमची पोरं चढली होती, पण अजून चार-पाच मिनिटं तरी लागणार होती. मला कळत होतं की दार उघडायचं नाही. आणि हेही कळत होतं की पुन्हा चार मिनिटं ते ऐकत उभं राहणं मला जमणार नाही. मास्कच्या आत मी रडत होतो.

खाली वाकलो, फट बघितली.

धूर सगळीकडून येत होता. फक्त दोन जागा सोडून.

दाराला अगदी चिकटून कुणीतरी उभं होतं. दोन पावलांएवढ्या मोकळ्या जागा. उजवी सरळ...

डावी बाहेर वळलेली.

"काका, उघडतो," मी म्हणालो. खरंच म्हणालो. कडीवर हात ठेवला. हातमोज्यातूनही चटका बसला. कडी अर्धी सरकली.

मागून कुणीतरी माझी कॉलर धरून मला खेचलं.

"पागल झाला काय? खोली दम घेतेय!"

सुयोग होता. मागच्या शटरमधून बाहेर पडून मला शोधत आला होता. त्याची वॉकीटॉकी आत कुठेतरी पडली होती.

मी त्याच्याकडे बघत राहिलो. तो दाराकडे बघत होता.

आतून तीन ठोके आले होते.

"आत कोण आहे?" त्याने विचारलं.

पत्रे निघाले. धूर वर गेला. थोड्या वेळाने आम्ही दार उघडलं. खोली रिकामी होती, दुसरा दरवाजा नाही, खिडकी नाही. जमिनीवर काजळीचा जाड थर होता. फक्त दारापाशी दोन पावलांपुरती लादी स्वच्छ होती. सुयोगने बुटाने काजळी ओढून ती जागा झाकून टाकली.

काका मला बोलवत होते? की मारायला निघाले होते? ज्यांनी मला कडी काढू नकोस म्हणून शिकवलं, तेच कडी काढ म्हणत होते.

पुढच्या रविवारी मी खरवईला गेलो. चिमीकाकूंना सगळं खरं सांगितलं. ते ठोकत होते काकू, मी ऐकत होतो, मी उघडलं नाही. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबले नाहीत.

"मना ठाव हाय," त्या म्हणाल्या. "म्हनून तवापासना मी दाराला कडी लावली नाय. ठोकला का येतो, बसतो, जातो."

निघताना बघितलं, त्यांच्या दाराची कडी गंजून गेली होती.

माझ्या घरी बायको आहे, चार वर्षांची मुलगी आहे. मी दोन कड्या लावतो.

काकूंना सांगितल्यापासून ठोके माझ्या दारावरही पडतात. तीन. मग थांबून परत तीन. मुलगी विचारते, बाबा, कोण आलंय?

मी अजून उघडलेलं नाही.