डी ड्राइव्हमधले पाढे

ही घडलेली गोष्ट आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण यासेरसमोर हसू नका.

साल २००२. मे महिना, लातूरची ट्यूशनची गल्ली, भर दुपार...

यासेर कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. नरसिंग सरांनी क्लाससाठी नवा कॉम्प्युटर घेतला होता. जुन्यातली डिस्क काढून त्यांनी यासेरच्या हातात दिली.

"यातलं सगळं नव्यात घाला, यासेरभाई. माझ्या ऋतुजाचा आवाज हाय यात. तेवढाच उरलाय."

सर किल्लारीचे. लेक भूकंपात गेली. त्याआधी तिनं टेपवर पाढे म्हटले होते. तेराच्या पाढ्यात अडली, खुदकन हसली, तिथंच टेप संपली. पुढं कॅसेटही खराब झाली. कॅसेटवरून आधीच डिस्कवर उतरवलेला आवाज तेवढा राहिला.

तेव्हा नव्या डिस्कचे दोन भाग पाडायची पद्धत होती. सीमध्ये विंडोज, डीमध्ये गिऱ्हाइकाचा माल. यासेरनं जुनी डिस्क शेजारी जोडली आणि नवा डी आधी साफ करावा म्हणून फॉरमॅट लावला. सवयीचा हात.

पण दुसरी डिस्क जोडली की अक्षरं सरकतात. आता डी म्हणजे सरांची जुनी डिस्क होती, आणि नव्यातला डी सरकून ई झाला होता.

हे त्याला शंभर टक्के पूर्ण झाल्यावर कळलं.

त्यानं डिस्क उघडून बघितली. कोरी. मशीन बंद केलं, वायर उपसली, जुनी डिस्क काढून टेबलावर ठेवली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

स्पीकर खरखरला...

"तेरा पाचे पासष्ट..."

डिस्क टेबलावरच होती.

पोरगी अडली. यासेर तिच्या हसण्याची वाट बघत राहिला.

हसणं आलं नाही...

"तेरा सक अठ्ठ्याहत्तर."

ती पुढं निघाली होती.

पडद्यावर सी होता, डी होता. आणि खाली आणखी एक ड्राइव्ह... त्याला अक्षरच नव्हतं.

दारात सर उभे होते. यासेरनं रडत चूक सांगितली, पण त्यांनी ती ऐकलीच नाही. खुर्ची ओढून ते पडद्यासमोर बसले.

"गप बसा. लेकरू पाढे म्हणायलंय."

सरांनी क्लास बंद केला. यासेर नांदेडला गेला. पण कुठलंही मशीन उघडलं की खाली तो बिनअक्षराचा ड्राइव्ह दिसतोच. तो हात लावत नाही, तरी आवाज येतो. कधी महिन्यानं, कधी वर्षानं. पाढा दर वेळी पुढचा असतो.

मधे एकदा सरांचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"तीसचा झाला की घरी ये, म्हणली."

किल्लारीचं ते घर कधीच मातीखाली गेलंय.

काल दुपारी यासेरनं ऐकला तो एकोणतीसचा पाढा होता.

सकाळपासून तो फोन लावतोय. सर उचलत नाहीत.