अर्धी लढाई

वाळवंटात नाटक करायचं म्हणजे आधी वाळूशी भांडण, हे अजिंक्य परबाला कुणी शिकवायला नको होतं. गाला या औद्योगिक भागातल्या फर्निचर वर्कशॉपमध्ये सुतारकाम करताना ओमानची वाळू त्याने पुष्कळ चावली होती. पण बिदियाच्या वाळूत पहिल्यांदाच कला महोत्सव भरणार होता, त्यात कोकणच्या दशावतारासाठी त्याच्या मेळ्याला बोलावणं आलं होतं, आणि माणूस हरखला की त्याचं सामान वाढतं. शुक्रवारची सुट्टी होती, अर्बाबने, म्हणजे मालकाने, वर्कशॉपची किल्ली दिली होती. सकाळपासून अजिंक्य आणि त्याचा मेहुणा केयूर सामान बांधत होते. पेटीला गोधडी गुंडाळली, मृदंगाला प्लास्टिक, रंगांच्या डब्यांना चिकटपट्टी. बाकीची मंडळी मंडप बघायला आधीच पुढे गेली होती.

केयूर हा अजिंक्यच्या बायकोचा, प्रियांकाचा, एकुलता एक भाऊ. त्याला ओमानला आणताना विमानतळावर तिने नवऱ्याचा हात घट्ट धरून सांगितलं होतं, "जसो नेतस, तसो माका परत हाडून दी." पोरगा उतावळा, पण जीव लावणारा. अजिंक्य त्याला कधी नजरेआड होऊ देत नसे.

शेवटी राहिला वेताचा पेटारा. त्यात मुकुट, फणसाच्या लाकडाच्या दोन तलवारी आणि संकासूर या राक्षसाचा काळा बुरखा, लाल जीभ लोंबणारा. हा बुरखा ओमप्रकाश सावंताचा. या मेळ्यात संकासूर म्हणजे ओमप्रकाश, असं वर्षानुवर्षं ठरलेलं. गेल्या वर्षी सोहारच्या प्रयोगात विष्णू झालेल्या अजिंक्यशी लढता लढता तो छाती धरून कोसळला आणि बुरख्यातच गेला.

मेळ्याची एक रीत होती. संकासूर पडला की विष्णूने त्याला हात द्यायचा, खऱ्या नावाने हाक मारायची. त्याने 'ओ' दिली की मगच बुरखा काढायचा. राक्षसात गेलेला माणूस असा परत आणायचा असतो, असं जुने लोक सांगत. म्हणून अर्धी लढाई पेटाऱ्यात भरायची नाही. ओमप्रकाशच्या वेळी धावपळीत हाक राहून गेली. इस्पितळात कुणीतरी बुरखा ओढून काढला आणि पिशवीत घालून परत दिला.

केयूर संकासूर करणार तो पहिल्यांदाच. "भावजी, बांधूच्या आधी एकदा लढाय करूया," असं म्हणत त्याने बुरखा चढवला. लढाई चांगली रंगली. लाकडावर लाकूड आदळत होतं, केयूर चवताळून अंगावर येत होता, आणि तेवढ्यात दाराशी पिकअपचा हॉर्न वाजला.

"यल्ला भाई, रोड लंबा है," सादिक ड्रायव्हर खिडकीतून ओरडला. "पेट्रोल डालके आता हूँ. सामान तैयार रखो."

केयूरने उभ्या उभ्या बुरखा ओढून काढला आणि दोन्ही तलवारींसकट पेटाऱ्यात टाकला. 'अरे, थांब' हे शब्द अजिंक्यच्या ओठावर आले होते. पण घाई होती, घाम डोळ्यांत उतरत होता. त्याने दोर उचलला.

"चाय घेवन येतंय," म्हणून केयूर निघाला. आत वाळू येऊ नये म्हणून जाताना त्याने शटर खाली ओढलं.

वर्कशॉपमध्ये अंधार झाला. शटरखालच्या फटीतून तेवढी उन्हाची एक रेघ आत येत होती. अजिंक्यने पेटाऱ्याला दोर आवळला, गाठ मारली. भुशाच्या आणि सरसाच्या वासात आणखी एक वास मिसळला. चुना लावून मळलेल्या तंबाखूचा. केयूर तंबाखू खात नव्हता. ओमप्रकाश खायचा.

मागे लाकूड लाकडावर टेकल्याचा आवाज झाला.

तो वळला. करवतीच्या मशीनपाशी संकासूर उभा होता. काळा बुरखा, हातात तलवार.

"केयूर... पुरे झाली मस्करी."

उत्तर म्हणून तलवार आली. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज अजिंक्यने आधी ऐकला, कळ नंतर आली. दुसरा घाव तोंडावर बसला. तोंडात रक्त भरलं, दात जिभेवर आला. तो खाली पडला तशी टाच त्याच्या बोटांवर चढली आणि सावकाश फिरत राहिली. मग मानेला धरून उचललं गेलं आणि त्याचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा, पुन्हा, पुन्हा.

"केयूर... अरे, मी मरान..."

त्याच्या धडक्या हाताला दुसरी तलवार लागली. ती पेटाऱ्यात होती, बाहेर कशी आली, हा विचार करायला वेळ नव्हता. एका घावात हे संपलं असतं. पण आत केयूर असला तर? प्रियांकाला काय सांगायचं? तो हात आखडत राहिला, आणि समोरच्याने त्याच्या मोडक्या खांद्यात अंगठा रोवला.

अजिंक्यने डोळे मिटून तलवार त्याच्या पोटात खुपसली. बोथट लाकूड, पण आत गेलं. मुठीवर ऊन ऊन ओलं आलं. काळं अंग त्याच्यावर कोसळलं आणि निपचित झालं.

रडत रडत त्याने संकासुराचा हात हातात घेतला. रीत त्याला आठवली, पण भीतीने एकच नाव तोंडात होतं.

"केयूर... ए केयूर..."

"ओ," बुरख्याने उत्तर दिलं. आवाज केयूरचाच होता.

आणि अंगावरचं वजन नाहीसं झालं. समोर पेटारा होता, बंद. दोर तसाच, गाठ तशीच. अजिंक्यचा खांदा मात्र लोंबत होता आणि शर्ट रक्ताने भिजला होता.

शटर वर गेलं. केयूर चहाचे कप घेऊन आत आला, धडधाकट. अजिंक्यला हुंदका आला. "केयूर, बरो असस ना रे?"

पोराने कप टेबलावर ठेवले. भावजींचं रक्त बघून तो पांढरा पडला, धावत जवळ आला. "भावजी, ह्या काय झाला?"

"केयूर..."

पोराने मागे वळून दाराकडे पाहिलं, कुणी आलंय का बघायला. "कोणाक हाक मारतास?"

तेव्हा अजिंक्यला कळलं. वर्षभर ज्याला हाक मिळाली नव्हती तो आला होता. त्याला त्याचं नाव द्यायचं होतं. अजिंक्यने केयूरचं देऊन टाकलं. तो पेटाऱ्याकडे तोंड करून ओरडला, "ओमप्रकाश! ए ओमप्रकाश!" पेटारा गप्प राहिला.

टेबलावर फोन वाजू लागला. कुठेही निघायच्या आधी प्रियांका गावाहून करायची तसा. पोरानेच तो उचलून स्पीकरवर टाकला.

"निघालास काय रे? केयूराक दी बघू. केयूर... ए केयूर..."

पोरगा फोन हातात धरून अजिंक्यकडे बघत राहिला, फोन कुणासाठी आहे हे विचारल्यासारखा.

"ओ," दोराने आवळलेल्या पेटाऱ्यातून आवाज आला.

"आवाज असो लांबून कित्याक येता रे तुझो?" प्रियांका म्हणाली.