परतीची वेळ चार

“किल्ली तुमच्याबरोबर विमानातून फिरून आली आणि गाडी बिचारी इथे आठ दिवस उपाशी!”

हे त्याचं तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

विजेवर चालणाऱ्या गाड्या तेव्हा नव्या नवलाईच्या होत्या. विमानतळाच्या ज्या पार्किंगमध्ये लोक आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस गाडी ठेवून परगावी जात, तिथे तिसऱ्या मजल्यावर अशा चाळीसेक गाड्या असायच्या आणि चार्जिंगचे खांब मात्र सहाच. म्हणून तिथली एक पद्धत होती. जाताना किल्ली तिथल्या ऑफिसच्या खिडकीत द्यायची आणि कार्डावर घरचा-कामाचा पत्ता, फोन नंबर, परतीचा दिवस आणि वेळ लिहायची. खिडकीत बसणारा तो त्या वेळा बघून एकेक गाडी खांबाला लावायचा, भरली की काढायचा, मग दुसरीचा नंबर. मालक यायच्या वेळेला गाडी तयार. आधीपासून भरून ठेवायची नाही, कारण भरल्या पोटी आठ दिवस उभी राहिली की बॅटरी सुस्तावते, असं तो सांगायचा.

ती चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढायची. दिवसभर लोकांना ‘आता स्पष्ट दिसतं? आणि आता?’ विचारायची. त्या दिवशी तिने कार्ड मोत्यासारख्या अक्षरात भरलं आणि किल्ली मात्र सवयीने पर्समध्ये टाकून निघून गेली. परत आली तेव्हा गाडीत चार टक्के उरले होते.

त्याने चेष्टा केली आणि ती एकदम रडायलाच लागली.

“अहो मॅडम... गंमत केली मी! गाडीला काही झालेलं नाही. तासाभरात घरी पोहोचण्याइतकी भरेल.”

“गाडीसाठी नाही रडत मी.”

“अच्छा,” तो जरा थांबला. “मग रडा.”

त्याने खिडकीतली स्वतःची खुर्ची आणून दिली आणि पाठ करून एक केबल गुंडाळत बसला. व्यवस्थित गुंडाळलेली तीच केबल त्याने पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली. असं तीनदा. तिचे डोळे पुसून झाले, तेव्हाच त्याची केबल मनासारखी झाली.

मग तिनेच सांगितलं. आई ताईकडे राहायला गेली होती, तिथेच न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण डॉक्टर म्हणतात, पुन्हा चालतील याची खात्री नाही. ताईला दोन लहान मुलं, तिच्या एकटीवर किती टाकायचं? म्हणून महिन्यातला एक आठवडा हिने जायचं, असं बहिणींनी ठरवलं होतं.

तो ऐकत राहिला. शेवटी खांबावरचा आकडा बघून एवढंच म्हणाला, “हळू भरलेली बॅटरी जास्त टिकते. आईंनाही सांगा.”

पुढच्या महिन्यात तिने न विसरता किल्ली दिली. परत आली तर गाडी काठोकाठ भरलेली, काचा लख्ख, चाकांतली हवासुद्धा बघून ठेवलेली. त्याने किल्ली हातात ठेवली. तिने आभार मानले. दोन मिनिटांत सगळं आटोपलं. घरी जाताना सगळा रस्ता तिला वाटत राहिलं, काहीतरी मागे राहिलंय... पर्स तपासली, बॅग तपासली. सगळं जागच्या जागी होतं.

त्याच्या पुढच्या खेपेला तिने कार्डावर वेळ लिहिली – चार. आणि आली दोन वाजता.

“चार लिहिलंय तुम्ही.”

“हो का? विमान... जरा लवकर आलं.”

“दोन तास?”

“वारा पाठीमागून होता.”

त्याने कार्डाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढली. “बसा मग. साठ टक्के झालीय. पूर्ण भरल्याशिवाय मी गाडी सोडत नाही.”

“नियम आहे?”

“आजपासून.”

त्यानंतर दर महिन्याला वारा पाठीमागूनच वाहू लागला.

त्या दोन तासांत ती दोघं काय बोलायची? काहीच नाही आणि सगळंच. एका गाडीत मागच्या सीटवर तीन छत्र्या असतात आणि तरी मालक भिजत येतो. एक आजोबा जाताना गाडीच्या बॉनेटवर थोपटतात, ‘येतो गं’ म्हणतात. ती दुकानातले किस्से सांगायची. आपल्याला दिसत नाही हे मान्य करायला माणसं किती लाजतात, अक्षरं पाठ करून येतात!

“माझे डोळे तपासाल एकदा?” त्याने विचारलं.

“काय होतंय?”

“महिन्यातले तीन आठवडे काही बघावंसंच वाटत नाही.”

“त्याला औषध नाही आमच्याकडे,” ती म्हणाली आणि कानांच्या पाळ्या गरम झाल्या म्हणून उगाच फोन चाळायला लागली.

पण सगळ्यात आधी तो विचारायचा, “आईंची किती पावलं झाली?” चार. मग अकरा. मग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. आई व्यायामाला कंटाळायची, चिडायची, पाय उचलायचाच नाही म्हणायची. हिने तिला बॅटरीची गोष्ट सांगितली, तशी आईला ती भलतीच आवडली. मग रोज दम लागला की आई विचारायची, “किती टक्के झाले गं?” ताई हसून म्हणायची, “आई आपली भरतेय हळूहळू. पण तुझी गाडी फार जेवते बाई! दर वेळी दोन-दोन तास?”

सातव्या महिन्यात डॉक्टरांनी आईला काठी दिली आणि घरी जायला परवानगी दिली.

निघताना तिने त्याला सांगितलं, “या वेळी आईला घेऊनच येते. आता... पुन्हा जायला नको दर महिन्याला.”

“वा!” तो म्हणाला. “फारच छान झालं.” आणि किल्ली घेऊन चटकन आत गेला.

परतीच्या विमानात आई खिडकीशी बसून लहान मुलीसारखी ढग बघत होती. तिला बघून हिचं मन भरून येत होतं. ताई, ते डॉक्टर, व्यायाम शिकवणारी ती तरुण मुलगी... किती जणांनी मिळून ही आई उभी केली! आणि त्यातच खोल कुठेतरी एक बारीकशी हुरहुर. पार्किंगला जायचं आता कारण उरणार नव्हतं. आज काही बोलणं झालं नाही तर संपलंच. आई बरी झाली त्याच दिवशी असं वाटावं, याची तिला लाजही वाटली.

तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं. आई काठी टेकत बाहेर आली आणि समोरून तो अक्षरशः धावत आला. चेहरा पांढराफटक.

“कुठे होतात तुम्ही?”

आवाज इतका चढला होता की ती दचकलीच. “म्हणजे? चारला येणार होते. चारच वाजलेत. कार्डावर लिहिलंय की.”

“तुम्ही चार लिहिता तेव्हा दोन वाजता येता!”

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. तिलाही कळलं. या खेपेला आईसाठी म्हणून तिने उशिराचं, थेट विमान घेतलं होतं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच वेळ खरी लिहिली होती. खरं लिहिलेलं त्याला कळावं कसं, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

“दोनपासून सात फोन केले. तुमचा बंद. तीन वाजले, साडेतीन... मला वाटलं, आई पुन्हा पडल्या की काय.”

“नाही हो पडले,” आई म्हणाली. “उभी आहे ना तुमच्यासमोर.”

त्याने वाकून आईला नमस्कार केला. आत गेला, उशी बांधलेली एक खुर्ची घेऊन आला. सकाळपासूनच मांडून ठेवली असावी. आईला हात धरून बसवलं.

“तुम्हाला ठाऊक होतं...” ती हळूच म्हणाली. “वाऱ्याचं वगैरे.”

“मॅडम, तुमचं घर इथून बावीस किलोमीटर. साठ टक्क्यांत तुम्ही चार वेळा घरी जाऊन परत याल.”

“मग बोलला का नाहीत कधी?”

“बोललो असतो तर...” त्याने केबलचं टोक हातात घेतलं, नुसतंच फिरवलं. “तर तुम्ही गेला असता.”

कुठल्याशा गाडीचा खांब बीप-बीप करत होता. त्याचं लक्ष नव्हतं.

“आज किती झाली?” तिने विचारलं.

“पूर्ण. मघाशीच.” त्याने खिशातून किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. “तुम्हाला थांबायला नको आता.”

तिने किल्लीवर मूठ मिटली. आता गाडीत बसायचं, निघायचं. उद्या दुकान, परवा दुकान, महिन्याचे चारही आठवडे दुकान. आपल्याला स्पष्ट दिसतंय हे मान्य करायलाही माणसं लाजतात की!

“मला परगावी जायचं कारण उरलं नाही,” ती म्हणाली. “गाडी पण भरलीय. तरी मला इथे यायचंय. तुमच्यासाठी. म्हणजे... तुम्हाला चालणार असेल तर.”

त्याने हातातली केबल सोडली, पुन्हा गुंडाळायला घेतली.

“चालणार नाही?”

“इथे नको,” तो घाईघाईने म्हणाला. “म्हणजे – इथे टायरचा वास असतो. मी पाचला सुटतो. रोज. दुकान बंद व्हायच्या आधी पोहोचेन मी. दुकानाचा पत्ता कार्डावर आहेच तुमचा... पाठ आहे मला.”

“पाठ आहे?”

“फोन नंबर पण. पहिल्या कार्डापासून.” मग तो थांबला आणि सरळ तिच्याकडे बघत म्हणाला, “तुम्ही नसता ना, तेव्हा तुमची गाडी मी खिडकीसमोर लावतो. आठ दिवस तेवढीच सोबत. मला आवडता तुम्ही. फार.”

“आईसमोर...” तिच्या तोंडून एवढंच निघालं.

“आईला खुब्याचं दुखणं होतं,” मागून आवाज आला. “कानांना काही झालेलं नाही.”

तिघंही हसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि या वेळी त्याने पाठ केली नाही.

“किती वाजले?” आईने विचारलं.

“सव्वाचार.”

“आणि हे सुटतात पाचला. मग थांबायचं की निघायचं?”

“अगं, गाडी भरलीय आई.”

“गाडीचं कोण विचारतंय?”

ती थांबली. आईच्या खुर्चीशेजारी एका बॅगेवर बसून, एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच काही बहाणा न करता. तो गाड्या लावत होता, काढत होता, दोनदा चुकीच्या गाडीकडे गेला आणि परत आला. आईचा हात तिच्या हातात होता. “चांगला आहे हो तुझा,” आई पुटपुटली. “तुला रडू दिलं, आणि मला चालायला लावलं.”

पाचला तो हात स्वच्छ धुऊन, केस पाण्याने चापून आला. तोवर आई मागच्या सीटवर जाऊन बसली होती आणि शेजारी काठी आडवी टाकून, मागे जागाच नाही, असं ऐटीत सांगत होती. तो पुढे बसला. त्याने पट्टा लावला, तिने लावला. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि गाडी सुरू करायची असते हे तिच्या लक्षातच राहिलं नाही. आई मागे बसून चांगली पाच मिनिटं खिडकीबाहेरची भिंत बघत राहिली.