डाव्या पायाचं जोडवं

ही गोष्ट खरी आहे. केरबानं ती फक्त मला सांगितली, कारण बायको गेल्यावर घर कसं होतं ते मलाही ठाऊक होतं.

रात्र नव्हती. १९४६ च्या कार्तिकातली भर दुपार होती. ठिकाण, सांगलीच्या वरच्या अंगाला कृष्णेतलं एक बेट.

त्या बेटावर नानासो पेंटर राहायचा. नाटकाचे पडदे रंगवायचा, माणसांची चित्रं काढायचा. चव्वेचाळीसच्या पुरात खोली वाहून गेली, नानासोही गेला. त्याच्या बहिणीनं, सुलाबाईनं, ती खोली पुन्हा उभी केली. होती तश्शी. तीच खिडकीची जागा, तसंच बसायचं स्टूल, तसेच गाडग्यात उभे कुंचले. लोक बघायला जायचे.

केरबाची अंबू त्या आषाढात तापानं गेली होती. तिचा एकही फोटो नव्हता. चार महिन्यांतच केरबाला तिचं तोंड नीट आठवेना झालं होतं.

आणि एक दिवस माणसं नदीपार नेणारा गुंडा नावाचा गडी म्हणाला, "केरबा, तुज्या अंबूचं चित्र हाय गड्या पेंटरच्या खोलीत."

केरबाला आधी आनंद झाला.

मग रात्रभर एकच विचार... अंबू त्या माणसापुढं कधी बसली?

तिचं माहेर नदीकाठचंच. दोन दिवस म्हणून जायची, चार दिवस राहायची.

दुसऱ्या दिवशी गुंडानं गुऱ्हाळातली, उसाचा रस आटवायची मोठी काहील पाण्यात लोटली. तिकडं नदी अशीच ओलांडायचे.

"हलू नगंस. न्हाईतर दोघं बी गुळागत तळाला लागू."

केरबा हसला नाही.

बेटावर केळी होत्या, पण पान हलत नव्हतं. एक पाखरू ओरडत नव्हतं. खोलीत शिरताच वास आला... जवसाच्या तेलाचा. रंगात कालवतात तो. ताजा.

समोर अंबू बसली होती. तीच हनुवटी, तेच गोंदण.

हे कुणी काढलं, असं केरबानं विचारलं. सुलाबाई हळू आवाजात म्हणाली, "म्या कोरं कापड ताणून ठिवलं हुतं, बंधू ठिवायचा तसं. आषाढात दार उघडलं, तर ही बाई बसलेली."

केरबाला ते खोटं वाटलं. बहीण भावाचं झाकतेय. चित्र नानासोच्या हयातीतलंच असणार.

शरमेनं त्यानं मान खाली घातली. तेव्हा चित्रातले पाय दिसले.

उजव्या पायात जोडवं होतं.

डाव्या पायात... नव्हतं.

केरबाचा हात बंडीच्या खिशाकडं गेला.

सवाष्ण बाई जोडव्यांसकट जाते. पण अंबूला उचलायच्या आधी, बायका पाणी आणायला वळल्या तेव्हा, केरबानं तिच्या डाव्या पायातलं जोडवं काढून घेतलं होतं. आठवण म्हणून. कुणाला सांगितलं नव्हतं. जिवंतपणी तिचा पाय एक दिवस मोकळा नव्हता.

ते जोडवं आत्ताही त्याच्या बंडीच्या खिशात होतं.

म्हणजे अंबू इथं आली ती... गेल्यावर.

"बाई, ही पाय पुढं करून कवापासनं बसलीया?"

सुलाबाई भिंतीला टेकली. "सकाळपतूर पाय लुगड्याखाली हुतं."

केरबानं जोडवं काढलं. चित्रापुढच्या स्टुलावर ठेवलं.

"चुकलं माजं," एवढंच म्हणाला. जोडव्याबद्दल आणि रात्रीच्या विचाराबद्दलही. मागं न बघता तो काहिलीत जाऊन बसला.

आठ दिवसांनी गुंडा सांगत आला. स्टुलावर जोडवं नाही. चित्रात मात्र दोन्ही पायांत आहेत.

ऐकून केरबाला बरं वाटलं.

पण गुंडा जाईना. अंगठ्यानं माती उकरत उभा राहिला.

"काय रं?"

"तिच्या शेजारी आनि एक स्टूल काढलंय... रिकामं हाय."

केरबा त्यानंतर नदीवर गेला नाही. पाणीसुद्धा आडाचंच पितो. गुंडा भेटला की एकच विचारतो, "अजून रिकामं हाय न्हवं?"

गुंडा व्हय म्हणतो.

परवा मीही तिथं होतो. परवा गुंडानं आधी खाली बघितलं... मग व्हय म्हणाला.