सुटलेली म्हैस आणि हरवलेला खांब

"मग काय, खांब चालत गेला म्हणायचा?" बजरंगने जमिनीतल्या रिकाम्या खड्ड्यात काठी घालून पाहिली.

पेडगावच्या शाळेमागचा खो-खोचा खांब दिवाळीची सुट्टी लागताच गायब झाला होता. सुट्टी संपली की परभणीला संघाची निवड होती आणि रेणुकाच्या घरी आधीच कुरबुर चालू होती. 'पोरगी मोठी झाली, आता पळापळी पुरे,' असं दत्तरावकाकांनी तिच्या वडिलांच्या मनात भरवलं होतं. सराव बंद पडला की वडील तिला घरीच बसवणार, या विचाराने रेणुकाला रडू यायचं.

"तुझ्या काकानंच लपवला आसंल," सरावातला जोडीदार धम्मदीप हळूच तिला म्हणाला. "त्येंची म्हैस आधी कधी सुटायची न्हाई. खांब गेल्यापून रोज सुटायलीय."

"म्हशीचा आन् खांबाचा काय संबंध?" बजरंगने विचारलं.

"आपण रंधा मारून, तेल लावून खांब कसा केलाय? त्येला दावं बांधलं तर?"

"गुळगुळीत हाय. वर सरकून निघंल," रेणुका म्हणाली आणि तिघेही काकांच्या गोठ्याकडे निघाले.

तेवढ्यात गल्लीत ओरडा झाला. म्हैस दावं फरफटत कापसाच्या रानाकडे निघाली होती आणि मागे दत्तरावकाका धापा टाकत होते.

"बजरंग, वळणावर बस. धम्मदीप, तू पुढं बांधाला," रेणुका म्हणाली आणि म्हशीच्या बाजूने सुसाट सुटली. वळणावर तिने बजरंगच्या पाठीवर थाप मारली, "खो!" ताज्या दमाचा बजरंग उठून पळाला. बांधाजवळ त्याने धम्मदीपला खो दिला. थकली ती म्हैसच! धम्मदीपने दावं पकडलं.

"लय भारी पळता रे," काका कसेबसे म्हणाले. "मला तर चार पावलं जड झाली."

"द्या, मीच बांधते," रेणुका म्हणाली.

"नको, नको! गोठ्यात नको जाऊ."

या 'नको'तच पाणी मुरत होतं. रेणुका तडक गोठ्यात शिरली. खुंट्याला गोणपाट गुंडाळलं होतं. तिने ते ओढलं, तर खाली बजरंगने करकटकाने कोरलेला 'खो' दिसला.

काकांनी मान खाली घातली. "जुना खुंटा मोडला व्हता. वाटलं, सुट्टीत पोरं मोबाइल बघत बसतेत, खेळतंय कोण? मग तू रडताना दिसलीस आन् सांगायचं तोंडच ऱ्हायलं न्हाई."

"म्हंजे तुमीच आमच्या खेळाला खो घातला," रेणुका रागाने म्हणाली. "मोठं झालं की पळायचं सोडायचं, आन् मग तुमच्यासारकं धापा टाकत बसायचं?"

गलका ऐकून आलेले तिचे वडील दारातच हसले. "दत्ता, पोरगी खरं बोलायलीय. म्हैस तुला धरता आली न्हाई, तिनं आडवली. परभणीला मीच घिऊन जातो तिला."

संध्याकाळी काकांनी स्वतः खांद्यावरून खांब आणून रोवला. पोरं रांगेत बसली. काका रेणुकाच्या मागे येऊन उभे राहिले.

"घातला व्हता, आता देतो," असं म्हणून त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "खो."

रेणुका उठली आणि पळत सुटली.