होडीतून उतरल्यावर

सासूबाईंना कुठेही न्यायचं म्हटलं की आधी त्या ठाम नकार द्यायच्या, मग कोण कोण येणार याची चौकशी करायच्या, आणि निघायच्या दिवशी सगळ्यांच्या आधी चपला घालून दाराशी उभ्या राहायच्या. त्या सकाळीही तसंच झालं.

"एवढ्या उन्हात पाळण्यात बसायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?" असं आदल्या दिवशी म्हणणाऱ्या सासूबाई गाडीत पुढची जागा पकडून बसल्या होत्या, आणि सूनबाई अजून पाण्याच्या बाटल्या भरत होती.

"तुझं आवरेपर्यंत ते उद्यान बंद होईल गं!"

सूनबाईने पुढची बाटली नळाखाली धरली. सात वर्षांच्या संसारात तिने एक शिकून घेतलं होतं. सासूबाईंचं बोलणं म्हणजे घरातल्या जुन्या फ्रिजची घरघर. चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांची नाकं, कान, डोळ्यांतलं अंतर मोजायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. आणि लेक सहा वर्षांची, एका जागी म्हणून न ठरणारी, म्हणून घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. त्या मोठ्या उद्यानाचा हट्ट तिचाच होता. वर्षभर तिने घर डोक्यावर घेतलं होतं.

उद्यानात पाऊल ठेवलं तेव्हाच सूनबाईला कसंतरी व्हायला लागलं. गर्दी तर होतीच, पण गर्दीपेक्षा तो आवाज. झुडपांत, खोट्या दगडांत, दिव्याच्या खांबांत कुठे कुठे स्पीकर लपवलेले. एकच हसरं संगीत चारी बाजूंनी येत होतं आणि त्याला शेवटच नव्हता. एका रांगेतून सुटावं तर दुसऱ्या रांगेत. भिंगरीचा हात घामाने सारखा निसटायचा. नवरा प्रत्येक पाळण्याखाली उभा राहून वर बघायचा आणि मोठ्यांदा म्हणायचा, "हा दोर बदलायला झालाय." रांगेतले लोक चमकून त्याच्याकडे बघायचे.

"तू गप्प बस रे," सासूबाई त्याला दटावायच्या, "आणि हिला सांग, पोरीच्या डोक्यावर टोपी घाल. आई आहे की कोण!"

दुपारी उन्हाने जीव नकोसा झाला, तेव्हा नवऱ्यानेच सुचवलं, "गुहेतल्या होडीत बसू. आत गार असेल."

होडीत दोन बाकं होती. पुढच्या बाकावर सासूबाई आणि भिंगरी, मागच्यावर नवरा-बायको. होडी आपोआप सरकत एका बोगद्यात शिरली. आत खरंच गार होतं. कडेला दिव्यांच्या उजेडात बाहुल्या उभ्या होत्या: जाळं ओढणारे कोळी, मान हलवणारं हरिण. पाण्याला जलतरण तलावाच्या औषधाचा वास होता, आणि त्याच्या खाली आणखी एक वास. ओलं कापड डब्यात बंद करून विसरून जावं, तसा.

"ह्याच्यापेक्षा घरी पंख्याखाली पडले असते," सासूबाई सांगत होत्या. "मी म्हटलंच होतं. पण माझं ऐकतं कोण? ह्या बाहुल्यांचे डोळे बघ कसे..."

होडी थांबली. दिवे गेले. संगीतही थांबलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

"घाबरू नका," नवरा म्हणाला. "वीज गेली असेल. जनरेटर सुरू होईल आता."

अंधार इतका दाट होता की डोळे उघडे आहेत की मिटलेले तेच कळेना. पाणी होडीच्या पोटाला हळूहळू थोपटत होतं. मग होडी एका अंगाला कलली. कुणी उतरावं तशी. जरा वेळ काहीच नाही. मग पुन्हा कलली. कुणी चढावं तशी.

"आई...?" सूनबाईने हाक मारली.

तिने पुढे हात केला. हाताला खांदा लागला, पदर लागला. त्या खांद्यावरून एक हात आला आणि तिचा हात थोपटू लागला. गार, मऊ हात.

"आहे गं मी. घाबरू नकोस हं."

दिवे आले. होडी सरकली. पुढच्या बाकावर आजी आणि नात एकमेकींना बिलगून बसल्या होत्या.

"बघ, काही झालं नाही," नवरा म्हणाला.

काही झालं नव्हतंच. सूनबाईने मनाला तसंच बजावलं. पण होडीतून उतरल्यापासून तिच्या दाढेत काहीतरी अडकल्यासारखं झालं होतं. निघेना आणि सुखाने बसूही देईना.

सासूबाई आता कुरकुर करत नव्हत्या. रांगेत उभ्या राहिल्या तरी नाही, ऊन लागलं तरी नाही. "तुम्ही जा, हौस करून घ्या, मी बसते पोरीला घेऊन," म्हणाल्या. चहा पाणचट होता, तो संपवून "छान झाला हो" म्हणाल्या. आणि मग सूनबाईकडे बघून, "दमलीस ना गं? किती करतेस सगळ्यांचं."

सात वर्षं हे वाक्य ऐकायला कान आसुसले होते. ऐकलं, आणि अंगावर काटा आला.

"आईला असं बाहेर काढायला हवं अधूनमधून," नवरा खूश होऊन कुजबुजला. "आणि भिंगरी बघ कशी शहाण्यासारखी बसलीये."

भिंगरी आजीजवळ पाय जुळवून बसली होती. दमली असेल पोर.

सूनबाईची नजर मात्र सासूबाईंच्या चष्म्यावरून हलेना. तो चष्मा तिनेच करून दिला होता. सासूबाईंचा डावा कान उजव्यापेक्षा थोडा खाली, त्यामुळे कुठलाही चष्मा त्यांच्या नाकावर तिरका बसायचा. तिने स्वतः काडी गरम करून, वाकवून, त्यांच्या कानांच्या मापाची केली होती. तेव्हापासून तो सरळ बसत होता. आज तिरका होता. म्हणजे काडी वाकली असेल, नाहीतर...

"आई, चष्मा द्या जरा. नीट करते."

"असू दे गं," सासूबाई हसल्या. "मला दिसतंय सगळं."

तिला त्यांचे कान नीट दिसले. दोन्ही एका रेषेत होते.

संध्याकाळी निघाले. सासूबाई आपणहून मागे बसल्या. "तू बस पुढे, नवऱ्याशेजारी." सूनबाई पुढे बसली, पण तिची मान सारखी मागे वळत होती. भिंगरीने आजीच्या मांडीवर डोकं ठेवलं होतं आणि आजीचा हात तिच्या केसांतून फिरत होता. संथ. एकसारखा. गाडी मोठ्या रस्त्याला लागली तेव्हा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"उद्यानातून बोलतेय," एका मुलीचा आवाज. "हरवलेल्या माणसांच्या खोलीतून. तुमच्या सासूबाई इथे बसल्यात. तुम्ही येताय म्हणून दुपारपासून थांबल्या होत्या, पण आता बंद करायची वेळ झाली. फार चिडल्यात हो."

पलीकडून, त्या मुलीच्या मागून, एक आवाज आला. चढलेला, फाटका, रोजच्या ओळखीचा. "विचार तिला, लाज वाटते का म्हणावं! मुलाचा नंबर पाठ नाही मला, हिचा एकटीचा पाठ आहे, आणि ही..."

तिने फोन कानाशी घट्ट दाबला.

"कोण गं?" मागून मऊ आवाज आला.

"दुकानातून आहे," ती कशीबशी म्हणाली आणि फोन बंद केला.

आता खरं सांगायचं तर, एक क्षण असा आला. गाडीत शांतता होती. नवरा शीळ घालत होता. मागे एक प्रेमळ म्हातारी तिच्या लेकीला थोपटत होती, आणि ती उद्यापासून घरात कुणाला टाकून बोलणार नव्हती. काही न बोलता घरी जाता आलं असतं. सूनबाईच्या मनात ते आलं. आणि लगेच तिच्या डोळ्यांसमोर आल्या त्या सासूबाई, परक्या माणसांत बसून तिचा नंबर आकडा आकडा आठवणाऱ्या.

"गाडी वळव," ती म्हणाली. "माझी पिशवी राहिली तिथे."

"पिशवी तर तुझ्या पायाशी आहे गं," मागून आवाज आला.

"दुसरी."

"दुसरी नव्हती आणलीस."

ती मागे वळली नाही. "वळव म्हणते ना!" ती ओरडली, आणि नवऱ्याने दचकून गाडी वळवली. तो ओल्या कापडाचा वास आता गाडीत आला होता.

उद्यानाच्या फाटकाशी तिने नवऱ्याला खाली बोलावलं. "भिंगरीवरची नजर काढू नकोस. अजिबात."

"अगं, आईपाशी तर आहे."

"म्हणूनच सांगतेय," ती म्हणाली आणि धावत सुटली.

खोलीच्या भिंतींवर हत्ती-माकडं रंगवलेली होती आणि सगळ्या खुर्च्या लहान मुलांच्या. त्यातल्या एका बुटक्या खुर्चीत, गुडघे छातीशी घेऊन, सासूबाई बसल्या होत्या. साडीचा काठ अजून ओलसर. चष्मा नाकावर अगदी सरळ.

"आलीस? एकटीला टाकून गेलीस ती आता उगवलीस!"

सूनबाईने त्यांना मिठीच मारली. आणि हुंदके देऊन रडू लागली.

"पुरे, पुरे. नाटकं नकोत," सासूबाई म्हणाल्या. पण त्यांनीही तिला दूर केलं नाही.

दोघी गाडीपाशी आल्या तेव्हा नवरा बाहेर उभा राहून इकडेतिकडे बघत होता. "सापडलात का एकमेकींना? मी चाकातली हवा बघायला वाकलो, तेवढ्यात आई उतरून गेली. भिंगरी म्हणाली, आजी तुला शोधायला गेलीये."

मागच्या सीटवर भिंगरी एकटीच होती. सूनबाईने दार उघडून तिला चाचपलं, गालाला गाल लावला. जीव भांड्यात पडला. नवऱ्याला काय सांगायचं ते घरी गेल्यावर बघू. आता इथून निघायचं.

"इथे पाणी कुणी सांडलंय?" मागे बसताच सासूबाई कडाडल्या. "सगळी सीट ओली!"

गाडी सुटली. सासूबाईंच्या तोंडाचा पट्टाही सुटला. होडी अंधारात थांबली तेव्हा कुणीतरी बॅटरी घेऊन आलं. उतरा म्हणालं. सासूबाई नातीचा हात धरून घोटाभर पाण्यात उतरल्या. बॅटरीच्या मागे माणूस काही दिसला नाही. वळून बघतात तर होडी गेलेली.

"बॅटरी?" नवरा हसला. "आई, आम्ही मागेच होतो. काळोख होता नुसता. आणि तू तर होडीतच होतीस."

"मला शिकवू नकोस. आणि काय गं सूनबाई," सासूबाई पुढे वाकल्या, "एवढं रडायचं होतं, तर मघाशी मलाही न्यायला काय झालं होतं तुला?"

"मघाशी...?"

"मघाशी म्हणजे दुपारी. त्या खोलीत आलीस, पोरीला उचललंस. पोर रडायची थांबेना, नाही नाही म्हणत मला चिकटून बसली होती, ओढून नेलीस तिला. मला म्हणालीस, तुम्ही बसा, मी येते. केवढं गोड बोलत होतीस! तेव्हाच म्हटलं, हिचं काहीतरी बिनसलंय."

दुपारी सूनबाई त्या खोलीकडे फिरकलीही नव्हती. दुपारी ती पाणचट चहा पीत होती, आणि समोर भिंगरी पाय जुळवून शहाण्यासारखी बसली होती.

तिने हळूहळू मान वळवली. भिंगरी झोपलेली नव्हती. पट्टा लावून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, सरळ बसली होती.

"गाडी वळव," सूनबाई म्हणाली. "वळव... लवकर वळव..."

"आता काय राहिलं?"

मागून एक लहानसा हात पुढे आला आणि तिचा खांदा थोपटू लागला. संथ. एकसारखा.

"नको ना आई," भिंगरी समजुतीने म्हणाली. "ती आता रडत नाहीये."